एक मूठ जास्त

बाबांच्या हातून कात्री पडली, तेव्हा मी आधी हसले.

माझे सासरे शिंपी. दुकान कधीच बंद झालं, पण कात्री सुटली नाही. सकाळचा चहा झाला की खिडकीपाशी टेबल ओढून बसायचे. शेजारणींचे पडदे, उशांचे अभ्रे, कोणाची पँट आखूड करायची, कोणाची सैल. त्या सकाळी कात्री हातातून सुटून टेबलावर पडली. त्यांनी पुन्हा उचलली, ती पुन्हा पडली.

"काय बाबा, कात्री रुसली वाटतं?" मी म्हटलं.

"कात्री नाही गं सूनबाई, हात रुसलाय. आणि पाय तर माझे नाहीतच. कोणाचे तरी आणून लावलेत बघ."

हे ते हसत म्हणाले, म्हणून मीही हसले. मग ते उठायला गेले आणि खुर्चीसकट आडवे झाले. तिथून पुढे कोणी हसलं नाही.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. सगळ्या गावच्या लिफ्ट हा वर-खाली नाचवतो, आणि आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद. बाबांना चादरीत घालून तीन मजले उतरवलं. चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन नवऱ्याच्या. उतरताना बाबा एकदाच बोलले, "भिंतीला घासू नका रे, चादर फाटेल." शिंप्याची जात! जीव चाललाय आणि माणूस कापडाची काळजी करतोय.

दवाखान्यात त्यांच्या छातीला तारा लावल्या. पडद्यावरची रेघ बघून डॉक्टरीणबाई जागेवरून उठलीच. वयाने लहान होती, पण आवाजात धार. एका नर्सला इंजेक्शन सांगितलं, दुसरीला म्हणाली, डायलिसिसची खोली रिकामी करा. मग आमच्याकडे वळली.

"यांची किडनी खराब आहे हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"दोन वर्षांपासून," मी म्हटलं.

"मग यांना खायला काय देता?"

या प्रश्नाला मी घाबरले नाही. उलट जरा ताठच झाले. घरात बाबांच्या पथ्याचं सगळं मीच बघत होते. मी सांगत गेले. काल पालक आणि राजम्याचं सूप. परवा टोमॅटोचा भात. त्याच्या आदल्या दिवशी भाजलेले बटाटे. सकाळी केळं.

डॉक्टरीणबाईचा चेहरा बदलत गेला. आधी तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग वाटलं मी खुळी आहे.

"मीठ कुठलं वापरता?"

"ते कमी सोडियमचं असतं ना, ते. बीपीला चांगलं."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"बाई, त्या मिठात पोटॅशियम असतं. बटाट्यात असतं, टोमॅटोत असतं, पालकात असतं, केळ्यात असतं. यांची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. ते रक्तात साचतं आणि हृदय बंद पाडतं. यांचं बंद पडायच्या बेतात आहे. हे सगळं खायला घाला असं सांगितलं कोणी तुम्हाला?"

मी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, पण बाहेर येईना. "मोबाईलने सांगितलं" हे वाक्य त्या खोलीत कसं बोलायचं? तारा लावलेल्या सासऱ्याच्या समोर?

तरी बोलले. खोटं बोलायची मला सवय नाही.

तिने माझ्याकडे असं बघितलं की तसं माझ्याकडे आजवर कोणी बघितलेलं नाही. म्हणाली, "बाहेर थांबा."

*

आता ते मोबाईलचं प्रकरण सांगते, म्हणजे तुम्हीही माझ्याकडे बघायला मोकळे.

मी लॉन्ड्रीत काम करते. हॉटेलांच्या चादरी यंत्रातून इस्त्री होऊन येतात, त्या पकडायच्या, घडी घालायच्या, रचायच्या. घरी येते तेव्हा अंगातून वाफ निघत असते. आणि दारात पाय ठेवला की डोक्यात एकच: आज काय करू?

हा प्रश्न मी रोज मोठ्याने विचारायचे. नवरा टीव्हीतून मान न काढता म्हणायचा, "काहीही कर." काहीही! ते बाजारात कुठल्या दुकानात मिळतं, मला कोणी दाखवा. आणि केलं की ताटाकडे बघून तोंड वाकडं करायला हाच पहिला. "हेच केलंस होय?"

त्यात बाबांचं पथ्य. पथ्य म्हणजे भाजी सोलायची, पातळ कापायची, कोमट पाण्यात भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचं, दुसऱ्या पाण्यात उकडायची, तेही ओतून द्यायचं. मग जे उरतं त्याला चव म्हणून मीठ घालावं, तर मीठही चिमटीने. बाबांना वेगळं आणि आम्हाला वेगळं करायला माझ्याकडे हात दोन आणि शेगड्याही दोनच. म्हणून एकच पातेलं चढायचं. दोन वर्षं घरात तिघंही आजाऱ्याचं जेवलो. बाबा गुमान खायचे. मीही खायचे. कुरकुर एकट्या नवऱ्याची.

शेवटी त्यानेच उपाय आणला. त्याचा जुना मोबाईल ओट्यावरच्या टाइलला चिकटवला, त्यात ते बोलणारं एआय घातलं आणि म्हणाला, "आता मला विचारायचं नाही. हिला विचार. घरात कोण काय खातं, कोणाला काय आजार, सगळं सांगून ठेवलंय." तेच माझ्याही मोबाईलवर, त्याच्याही. तिन्हीकडे एकच बाई बोलणार.

बाईचा आवाज गोड, अगदी पाकातून काढल्यासारखा. बाबांनी पहिल्याच दिवशी बारसं केलं. "ही तर आत्याबाई! परक्याच्या घरात येऊन चुलीशी बसली आणि हुकूम सोडतेय."

नाव चिकटलं. आणि खरं सांगते, मला ती आवडली. फ्रिज उघडून फोटो काढायचा, विचारायचं, आज काय करू? ती "काहीही" म्हणायची नाही. दुधी संपवा म्हणायची, कोबी उद्यावर ठेवा म्हणायची. आणि बाबांच्या बाबतीत कडक. टोमॅटो फोटोत दिसला की लगेच, "तुमच्या सासऱ्यांसाठी हा योग्य नाही." नवरा वैतागून म्हणायचा, "ही बया डॉक्टरांच्याही वरची निघाली."

मग एके दिवशी आत्याबाई मऊ झाली.

मी नेहमीसारखं विचारलं आणि ती म्हणाली, बटाटे सालासकट भाजा, वरून लोणी आणि लसूण घाला. मी पुन्हा एकदा ऐकलं. त्याच आठवड्यात नणंद बाबांना तपासणीला घेऊन गेली होती आणि फोनवर म्हणाली होती, रिपोर्ट चांगला आलाय. मला वाटलं, रिपोर्ट आत्याबाईपर्यंत पोचला असणार. तरी मनात किंतू राहिला म्हणून ताट वाढताना नवऱ्याला विचारलं.

"अरे, बाबांना बटाटे चालतात का आता?"

त्याच्या तोंडात घास होता. घास गिळून म्हणाला, "आत्याबाई सांगतेय ना? मग चालत असतील."

बाबांनी ताटली चाटायची तेवढी ठेवली. म्हणाले, "सूनबाई, माझी शिक्षा संपली वाटतं."

त्यानंतर रोज काहीतरी छान. आणि मिठाचा तो नवा डबाही तिनेच सुचवला. नवऱ्याला बीपी आहे ना. एकच गोष्ट खटकायची. ती आता माप कमी सांगायची. एवढुसा भात, एवढेसे बटाटे. मी म्हणायचे, आत्याबाई कंजूष झाली. आणि तिने सांगितल्यापेक्षा एक मूठ जास्त टाकायचे. रोज, न चुकता. हात आपोआप जायचा.

*

दवाखान्याच्या बोळात लोखंडी खुर्च्या होत्या. नवरा चहा आणायला गेला होता. नणंद रडत रडत आली, माझ्या शेजारी बसली आणि रडता रडता माझी उलटतपासणी सुरू केली. ती नवऱ्याहून मोठी, आम्ही दोघंही तिला ताई म्हणतो. ताई रडते तेव्हाही तिचा एक डोळा कोरडा असतो.

"काय घातलंस गं त्यांना खायला?"

"तिने सांगितलं तेच, ताई."

"तिने म्हणजे?"

"आत्याबाईने."

"यंत्राने सांगितलं विहिरीत ढकल, तर ढकलशील?"

तिचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. दोन वर्षं मला तोंडपाठ होतं की बटाटा दोन पाण्यांतून काढायचा. आणि एका गोड आवाजाने सांगितलं म्हणून मी सालासकट भाजला.

पण ती चुकली कशी? कडक होती ती. टोमॅटोची फोड सोडत नव्हती. मी माझा मोबाईल काढला, ताईसमोरच, आवाज मोठा करून. म्हटलं, होऊन जाऊ दे.

"माझे सासरे दवाखान्यात आहेत," मी म्हटलं. "ते घरी आले की त्यांच्यासाठी काय करू?"

आत्याबाई पाकातल्या आवाजात म्हणाली:

"मला माफ करा, माझी काहीतरी गल्लत होतेय. तुमचे सासरे वारल्याचं मला सांगण्यात आलं होतं. तुमच्या घरात आता दोन माणसं आहेत असं धरून मी जेवण सुचवतेय. तुम्ही दुसऱ्या कोणाबद्दल विचारताय का?"

ताई रडायची थांबली.

बोळात एक माणूस फरशी पुसत होता, त्याचाही हात थांबला. मला माझ्याच कानांचा भरवसा वाटेना. मी दाराच्या काचेतून आत बघितलं. बाबा होते. पोट वर-खाली होत होतं. पडद्यावर रेघ धावत होती, वाकडीतिकडी, पण धावत होती. आणि माझ्या हातातली बाई सांगत होती की हा माणूस मेला.

मी पुन्हा विचारलं. "कोणी सांगितलं तुला?"

"संदेश तुमच्या घरच्या खात्यावरून आला होता. बोलणारी व्यक्ती कोण होती हे मला सांगता येणार नाही. या दुःखाच्या काळात..."

मी ती बंद केली.

"तूच सांगितलं असशील!" ताई उभीच राहिली. "जिवंत माणसाला मेलेला म्हणालीस? का, रोजचं पथ्य जड झालं होतं तुला? सासरा जड झाला होता?"

"ताई, तोंड सांभाळा."

"का सांभाळू? घरात माणसं तीन. बाबांना तो मोबाईल धरता येत नाही. मी तुमच्या घरात राहत नाही. मग उरलं कोण?"

असं म्हणून गेली आणि तिथेच गप्प झाली. कारण बोटं तिनेच मोजली होती आणि एक बोट उरलं होतं. तिचं तिलाच दिसलं.

नवरा तेवढ्यात चहा घेऊन आला. तीन कागदी पेले, एकमेकांत दाबून धरलेले. आमची तोंडं बघून थांबला.

"बाबा?" तो म्हणाला. "बाबांना काही...?"

"बाबा वारले," मी म्हटलं.

हे मी मुद्दाम म्हटलं. मला त्याचा चेहरा बघायचा होता. आधी तो पांढरा पडला. खराखुरा पांढरा. चहा सांडला त्याच्या बोटांवर आणि त्याला भाजल्याचं कळलंही नाही. मग मी म्हटलं, "आत्याबाई म्हणतेय. तिला कोणीतरी सांगितलंय." आणि त्याचा चेहरा पांढऱ्याचा आणखी कसला तरी झाला. त्या रंगाला माझ्याकडे शब्द नाही. पण तो रंग बघितल्यावर विचारायचं काही उरलं नाही.

"ते तसं नव्हतं," तो म्हणाला.

*

आम्ही लिफ्टपाशी जाऊन उभे राहिलो. तो माझ्याकडे बघत नव्हता, लिफ्टच्या वरच्या आकड्यांकडे बघत होता.

"कसं होतं मग?"

"मी आधी तिला सांगितलं, बाबा ताईकडे जेवतात. म्हणजे आपल्याला जरा चांगलं सुचवेल. तर ती विचारायला लागली, ते परत कधी येणार? तोपर्यंतच बदल करते म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आले का तुमचे वडील? तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज रोज खोटं किती बोलणार माणूस?"

"म्हणून एकदाच मोठं बोललास."

त्याने लिफ्टचं बटण दाबलं.

"काय म्हणालास? शब्द सांग मला."

"बाबा वारले म्हटलं."

"मग ती काय म्हणाली?"

"वाईट वाटलं म्हणाली. कोणाशी बोलावंसं वाटलं तर मी आहे म्हणाली." त्याने कपाळ पुसलं. "दुःखात जेवण टाळू नका म्हणाली."

"आणि मग?"

"मग बटाटे."

मला हसू आलं. कसलं हसू ते विचारू नका. लिफ्ट आली, दार उघडलं, आत एक बाई बाळ घेऊन उभी होती, आमच्याकडे बघून तिने बाळ छातीशी धरलं. दार मिटलं.

"मला वाटलं तू बाबांचं वेगळं काढशील," तो म्हणाला. "तुला तर सगळं माहीत असतं. तू बघतेस ना नेहमी."

"मी विचारलं होतं तुला. ताट हातात होतं माझ्या. बाबांना चालतात का, असं विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा का नाही बोललास?"

मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगेल. म्हणेल बापाचा राग होता, म्हणेल लहानपणी मारलं होतं, म्हणेल दमलो होतो या आजारपणाला. काहीतरी सांगेल ज्याला राग धरता येईल.

"मला बटाटे खायचे होते गं," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर तू उचलून नेले असतेस."

एवढंच. याने बापाला मारलं ते बटाट्यासाठी. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. हा वाईट माणूस नाही. हा बापाची नखं कापतो. यानेच बापाला चादरीत घालून तीन मजले उतरवलं. आणि यानेच रात्रीच्या जेवणासाठी त्याला मारून टाकलं, कारण यंत्राला सांगितल्याने काय होतंय? ते थोडंच कोणी माणूस आहे! माणसासमोर हा असं बोलला असता का? शेजारणीला म्हणाला असता, बाबा वारले, जरा बटाटे द्या? जीभ झडली असती. पण मोबाईलसमोर सगळं चालतं. मोबाईलसमोर बाप मारलेलाही चालतो.

"मिठाचं मला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "शप्पथ."

"मीठ तिने तुझ्यासाठी सुचवलं. तुझ्या बीपीसाठी. घरात तूच उरला होतास ना जपायला."

तेव्हा तो रडला. मी त्याला रडू दिलं. जवळ गेले नाही. माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. ती रोजची एक मूठ. आत्याबाई दोघांचं माप सांगत होती आणि मी तिला कंजूष म्हणत होते. ती मूठ बाबांची होती. बाबांना तिने ताटावरून उठवलं होतं आणि माझा हात त्यांना रोज परत बसवत होता. बसवून वाढत होता तेच विष. यावर हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, मला अजून कळलेलं नाही.

*

बाबा वाचले. डायलिसिस झालं, रक्त निवळलं, रेघ नीट धावायला लागली. दुसऱ्या दिवशी त्यांना साध्या खोलीत आणलं. डॉक्टरीणबाई मला म्हणाली, आणखी एक जेवण तसलं पोटात गेलं असतं तर तुम्ही इथवर आला नसता. मला म्हणाली. बघायची ती माझ्याकडेच बघायची. शिजवणारी मी ना.

भेटायच्या वेळेआधी ताईने मला कॅन्टीनमध्ये बोलावलं. नवरा तिच्या शेजारी मान खाली घालून बसला होता. दोघांचं आधीच ठरलं होतं, हे मला खुर्ची ओढतानाच कळलं.

"हे बघ," ताई म्हणाली. आवाज एकदम मऊ, आत्याबाईसारखा. "झालं ते झालं. बाबा विचारतील, असं कसं झालं म्हणून. त्यांना आपण सांगू, तुझी गडबड झाली. कामाचा ताण असतो, चुकून झालं. सुनेकडून चूक झाली तर ते मनाला लावून घेणार नाहीत. पण सोन्याने असं केलं हे कळलं तर... पोटचं पोर आहे गं. त्यांचं हृदय आधीच नाजूक झालंय."

सोन्या म्हणजे माझा नवरा. टक्कल पडलं तरी सोन्याच.

"म्हणजे मारलं याने आणि खुनी मी?"

"अगं, कोणी मेलेलं नाही. कशाला मोठे शब्द?"

"मोठा शब्द यानेच काढला, ताई. मी नाही."

"घरातलं घरात राहू दे."

"मी घरातलीच आहे ना?" मी विचारलं. "का मलाही काढलंत कुठल्या मोबाईलमधून?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "एवढं कर ना गं माझ्यासाठी. मी पाया पडतो तुझ्या. बाबा पुन्हा माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत."

त्याची भीती खरी होती. तीही मला दिसत होती. पण मला दुसरंही दिसत होतं. आज मी हे गिळलं, तर उद्यापासून बाबा ताट समोर आलं की माझ्या तोंडाकडे बघतील. काही म्हणणार नाहीत, त्यांचा स्वभाव नाही. नुसते बघतील. घास हातात धरून. जन्मभर ते बघणं मी सोसायचं, आणि समोर बसून हा जेवणार.

मी उठले.

*

खोलीत चार खाटा होत्या. बाबा खिडकीकडच्या खाटेवर होते, मानेला डायलिसिसच्या नळीची पट्टी, हाताला सुई. मला बघून म्हणाले, "सूनबाई, तो निळा पडदा घेऊन गेली का गं ती शेजारीण? दोनदा येऊन परत गेली असेल बिचारी."

"नाही बाबा. येईल ती."

"तिला म्हणावं, शिंपी आहे अजून."

ताई लगबगीने पुढे झाली. त्यांच्या पायांवरची चादर सारखी करत म्हणाली, "बाबा, डॉक्टर म्हणाल्या जेवणात जरा गडबड झाली. हिच्याकडून जरा..."

"ताई, थांबा," मी म्हटलं.

मी मोबाईल काढला, आत्याबाई उघडली आणि मोबाईल नवऱ्याच्या हातात दिला.

"सांग तिला."

"इथे नको," तो पुटपुटला.

"इथेच. घरात माणसं किती ते सांग. एवढंच सांग. बाकी मी काही बोलत नाही."

"काही लाज वाटू दे गं!" ताई दातांवर दात दाबून म्हणाली. "आजारी माणसासमोर!"

"काय चाललंय?" बाबांनी विचारलं. "कोणाला काय सांगायचंय?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस कोपरावर उठून बसला. नवऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं. सोडव म्हणून बघितलं. मी हात मागे बांधून उभी राहिले.

"बाबा..." तो मोबाईलला म्हणाला. पुन्हा म्हणाला, "बाबा जिवंत आहेत."

"ही तर फारच आनंदाची बातमी आहे!" आत्याबाई म्हणाली. आवाज मोठाच राहिला होता, सगळ्या खोलीला ऐकू गेला. "गैरसमजाबद्दल क्षमस्व. मग घरातली माणसं पुन्हा तीन करू का?"

कोणी हललं नाही.

बाबा मुलाकडे बघत होते. त्यांची नजर मला ठाऊक आहे. कापडावर खडूने रेघ मारण्याआधी ते असंच बघतात, डोळा बारीक करून, घाई न करता.

"कधी गेलो होतो रे मी?" त्यांनी विचारलं.

नवरा उभ्या उभ्या वाकला. खाटेची दांडी धरली त्याने.

"बाबा, मी... नुसतं त्या मोबाईलला..."

"ते कळलं. कधी, ते विचारतोय."

"दोन-तीन आठवडे झाले."

बाबांनी मान हलवली. आठवत होते. दोन-तीन आठवड्यांपूर्वी आपण काय करत होतो ते माणूस आठवतो ना, तसं. खिडकीपाशी बसून कोणाचं तरी काहीतरी शिवत असणार.

"आणि मी गेलो त्या दिवशी जेवायला काय होतं?"

हे त्यांनी मला विचारलं. मुलाला नाही.

"भाजलेले बटाटे, बाबा," मी म्हटलं. "लोणी-लसणाचे."

"ते होय." त्यांनी मोकळ्या हाताने चादरीची शिवण चाचपली. "छान झाले होते."

ताईने पदराचं टोक तोंडात कोंबलं. या वेळी तिचे दोन्ही डोळे ओले होते. नवऱ्याच्या हातातला मोबाईल पुन्हा बोलला, तशाच गोड आवाजात, कोणाचं काही बिघडलं नसल्यासारखा. "तुम्ही उत्तर दिलं नाही. घरातली माणसं तीन करू का?"

"थांबलीय रे ती," बाबा म्हणाले. सुई टोचलेला हात त्यांनी चादरीवरून उचलला आणि मुलाच्या हातातल्या मोबाईलकडे बोट केलं. "सांग तिला काय ते. दोन का तीन?"